फळी टेकेना, पिल्लू हटेना

एक होतं पिल्लू. पिवळं पिवळं, मुठीएवढं.

धक्क्याला लाँच लागली होती. धक्का इकडे, लाँच तिकडे. मधे लाकडाची फळी. फळीवरून माणसं चढली. डालग्यात बसून कोंबडीआई चढली. तिची पिल्लंही चढली. पण डालग्याला होतं भोक! एक पिल्लू पडलं धक्क्यावर. टुप्!

"चढले सगळे!" म्हणत नथूमामा खलाशाने फळी काढली. दोर सैल केला आणि धक्क्यावरच बसला. आता चहा प्यायचा, भोंगा वाजवायचा, की लाँच निघाली!

इकडे पिल्लू, तिकडे आई. मधे पाणी, डुबुक डुबुक.

"आई, रडू नको. मी येणारच!" पिल्लू म्हणालं.

टुणुक टुणुक गेलं फळीकडे.

"फळी, फळी, टेक ना! आईकडे जायचं कसं?"

"नाही बाई! लाँच हलतेय. दोर घट्ट झाला, तर टेकेन."

टुणुक टुणुक गेलं दोराकडे.

"दोरा, दोरा, घट्ट हो ना! फळी टेकेना. आईकडे जायचं कसं?"

"माझा मी कसा होऊ? नथूमामा उठला, तर होईन."

टुणुक टुणुक गेलं नथूमामाकडे.

"नथूमामा, नथूमामा, ऊठ ना! दोर घट्ट होईना. फळी टेकेना. आईकडे जायचं कसं?"

"छे बुवा! चहाशिवाय मी उठायचा नाही. किटली उकळली, तर उठेन."

टुणुक टुणुक गेलं किटलीकडे.

"किटली, किटली, उकळ ना! नथूमामा उठेना. दोर घट्ट होईना. फळी टेकेना. आईकडे जायचं कसं?"

"गार पडलेय मी! चूल पेटली, तर उकळेन."

पिल्लू दमलं. पण थांबलं का? अंहं!

टुणुक टुणुक गेलं चुलीकडे.

"चुली, चुली, पेट ना! किटली उकळेना. नथूमामा उठेना. दोर घट्ट होईना. फळी टेकेना. आईकडे जायचं कसं?"

"काडीशिवाय? पारूमावशीने काडी ओढली, तर पेटेन."

पारूमावशी म्हणजे धक्क्यावरची चहावाली. टुणुक टुणुक गेलं तिच्याकडे.

"पारूमावशी, पारूमावशी, काडी ओढ ना! चूल पेटेना. किटली उकळेना. नथूमामा उठेना. दोर घट्ट होईना. फळी टेकेना. आईकडे जायचं कसं?"

"अरे सोन्या, काडेपेटी पडली ना दगडांच्या फटीत! माझा हात जाईना."

"हात जाईना? मी जाईन!"

फट बारीक. पिल्लूही बारीक! सुळ्ळकन आत शिरलं. चोचीने काडेपेटी ओढली. ओढली, ओढली... आणली!

पारूमावशीने काडी ओढली. फर्र! चूल पेटली. भग्! किटली उकळली. खदखद! नथूमामा चहा प्यायला. भुर्र! उठला... आणि निघाला की भोंगा वाजवायला! विसरला लबाड!

पिल्लू आडवं आलं. त्याच्या अंगठ्यावर टोच! टोच!

"आधी फळी! मग भोंगा!"

"अरेच्चा! तू अजून खालीच होय? चुकलंच माझं!"

नथूमामाने दोर ओढला. हय्या हो! दोर घट्ट झाला. फळी टेकली. धप्! फळी हलू नये म्हणून त्याने टोकावर पाय रोवला.

"चल रे राजा!"

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, टुणुक टुणुक...

आईच्या पंखाखाली!

भोंगा वाजला, भोंऽऽ! पिल्लाला ऐकूच आला नाही. ते गाढ झोपलं होतं.

लाँच गेली पल्याड, गोष्ट राहिली अल्याड.