धुरपदीचा पहिला चटका

फार वर्षं झाली त्याला. तेव्हा गावाला वेस होती आणि वेशीबाहेर धुरपदी भडभुंजणीची भट्टी होती. हरभरे, लाह्या, शेंगा, सगळं ती तापल्या वाळूत भाजायची. आणि कुणाचं पोट दुखलं की तीच वाळू फडक्यात बांधून शेकायची. असं म्हणतात, तिच्या पुरचुंडीची ऊब दिवस मावळला तरी उतरत नसे.

पण रायाजी पाटलाला भट्टीचा धूर खुपला. "पुढच्या बाजाराच्या आत भट्टी मोड," त्याने बजावलं. धुरपदीला ना नवरा, ना शेत. भट्टी गेली की तिची चूलच विझणार.

त्याच आठवड्यात पाटलाने हुरड्यावर असा हात मारला, की पाणी प्यायचंही भान राहिलं नाही. पोट जे गच्च बसलं, ते चार दिवस सुटेना. कळांनी माणूस वेटोळं होऊन पडला. आता धुरपदीला बोलवायचं कोणत्या तोंडानं? म्हणून गड्यांनीच ओढ्याची वाळू तव्यावर तापवली आणि तशीच पोटावर ठेवली. हातावर कुणी बघितली नाही. पाटलाची आरोळी भट्टीपर्यंत गेली.

धुरपदी आपणहून उठली आणि पाटलाच्या घरी आली. "शेकायला बसलात का वांगं भाजायला?" ती गड्यांना म्हणाली. तिने पोट चाचपलं, कपाळाला हात लावला. ताप असता तर तिने गाडी जुंपून पाटलाला वैद्याकडे धाडलं असतं. ताप नव्हता. मग ओव्याचं कोमट पाणी पाजलं, पुरचुंडी बांधली आणि आधी स्वतःच्या दंडावर टेकवली.

"हे कशाला?" पाटील कण्हला.

"माझं कातडं सोसेल तेवढंच तुमचं सोसेल, पाटील. ते काही चांदीचं नाही."

भाजलेली जागा सोडून ती शेकत राहिली. असं म्हणतात, तेवढा वेळ तिकडे भट्टी सरपणावाचून धगधगत होती. दिवस कलला आणि पाटील तांब्या घेऊन ओढ्याकडे असा पळाला, की पारावरची माणसं उठून उभी राहिली.

परतला तो थेट भट्टीवर. "राहू दे भट्टी, धुरपदे."

"आणि धूर?"

"तोही राहू दे."

आता ती भट्टी नाही, वेसही नाही. पण त्या गावात अजून घरोघरी खुंटीला वाळूची पुरचुंडी असते. ती तापली की शेकणारी बाई आधी आपल्या दंडाला लावते आणि म्हणते, "हा धुरपदीचा." मगच दुसऱ्याच्या पोटाला. असं म्हणतात, पाटलानंतर त्या गावात शेकताना कुणी भाजलं नाही.