हाक पोचली, हात नाही

आगरसुळ्याच्या धक्क्यावरून खाडीकडे पाहिलं, की मध्यावर एक काळा खडक दिसतो. ओहोटीला त्याच्या कडेने चालत पलीकडच्या कोंडसरला जाता येतं. भरतीला त्याचं टोकही दिसत नाही. या गावात एक बोलणं फार चालतं. कुणाच्या घरचं दुखणं हाताबाहेर गेलं, आपल्याकडून काही होण्यासारखं उरलं नाही, की माणसं खाली मान घालून एवढंच म्हणतात, "हाक पोचली, हात नाही." परक्या माणसाने अर्थ विचारला, तर म्हातारे नाथा चोगले त्याला धक्क्यावर आणून बसवतात आणि सांगू लागतात.

फार पूर्वी इथली तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, धाकलू तांडेल चालवायचा, म्हणे. एके वर्षी गावात देवीची साथ आली. घरोघर पोरं फणफणली. धाकलूची एकुलती लेक येसू डोळे उघडेना, तेव्हा तो डोंगरावरच्या जाकाईदेवीपुढे आडवा पडला. पोर उठली, तर दर जत्रेला गावातली एकही होडी पाण्यात ठेवणार नाही, सगळ्या ओढून डोंगराच्या पायथ्याशी आणू, असा त्याने नवस केला. येसू उठली. गावाने तो नवस आपला मानला.

पुढे येसू कोंडसरला दिली. जत्रेला तर बंद, म्हणून ती ओहोटी धरून पायी माहेरी यायची. त्या वर्षी सासरचं रांधप आटोपेपर्यंत उशीर झाला. ती निघाली तेव्हा पाणी फिरलं होतं. खडकापाशी पोचली, तर पुढची खोलगट जागा भरलेली, मागची वाटही बुडालेली. ती खडकावर चढली.

गाव सगळा डोंगरावर होता. धाकलू मात्र लेकीची वाट बघत किनाऱ्यावर थांबला होता.

"बाबा, होडी काढा," तिने हाक दिली.

"काढतो, बाय. तू बसून राहा."

तो पायथ्याकडे धावला. होडी दहा जणांनी ओढून आणलेली, एकट्याने तसूभर हलेना. त्याने डोंगराकडे तोंड करून बोंब मारली. वर ढोल वाजत होते. अर्धा डोंगर चढला आणि खालून पुन्हा हाक आली, तसा माघारी वळला. पोरीला एकटी टाकून जाववेना. त्याने खाडीत उडी घेतली. भरतीच्या ओढीने त्याला परत किनाऱ्यावर आणून टाकलं. तो पुन्हा शिरला, पुन्हा तेच झालं.

पाणी येसूच्या कमरेला आलं होतं. बापाला तिसऱ्यांदा शिरताना तिने पाहिलं आणि ती म्हणाली, "बाबा, आता उतरू नका. नुसते बोलत राहा."

मग धाकलू बोलत राहिला. काय बोलला, ते त्याने कधी कुणाला सांगितलं नाही. माणसं डोंगर उतरून आली, तेव्हा समोर नुसतं पाणी होतं आणि तो अजून बोलतच होता. काय झालं विचारलं, तेव्हा एवढंच म्हणाला, "हाक पोचली, हात नाही पोचला."

पुढच्या जत्रेला माणसं त्याची होडी ओढायला आली. धाकलू पाण्यात, होडीत बसलेला. जाणत्यांनी समजावलं: नवस तुझाच, तूच मोडलास तर देवी कोपेल, गावावर येईल.

"देवीला सांगा," तो म्हणाला, "एक होडी कमी आहे."

माणसं दुसऱ्या होड्या ओढायला वळली. जिवंत होता तोवर दर जत्रेला तो तसाच बसला, असं सांगतात. तो गेल्यावर त्याची जागा कुणी घ्यावी, हे ठरवायला गावकी बसली नाही. दुसरा कुणीतरी आपसूक जाऊन बसला.

आजही जाकाईच्या जत्रेला साऱ्या होड्या डोंगराच्या पायथ्याशी जातात आणि एक पाण्यात राहते. तिच्यात एक माणूस वल्हं धरून पलीकडे नजर लावून असतो. त्याने नवस मोडलेला, म्हणून त्या दिवशी त्याला प्रसाद मिळत नाही. तो मागतही नाही. भरती पुरी चढली, की होडी बांधतो आणि घरी जातो.