फेडाईची पालथी वाटी

ऐका फेडाईबाई, तुमची कहाणी. आटपाट नगरात एक पाच मजली इमारत होती. तिच्या लिफ्टपाशी दोन बाया कुजबुजत होत्या. त्यातली गोदाक्का म्हणाली, “ऐकलंस का? वरच्या सरूआत्याचं कार्डाचं सगळं देणं म्हणे एका रात्रीत फिटलं! आणि केलं काय, तर नुसती एक वाटी घेतली आणि…” तेवढ्यात लिफ्टचं दार लागलं. बाया वर गेल्या, वाटीची गोष्टही वर गेली.

जिन्यात वृंदा उभी होती. गोदाक्काची सख्खी शेजारीण, भिंतीला भिंत. हातातल्या पिशवीतून कोथिंबिरीची जुडी पडली, तिला कळलं नाही. एका रात्रीत फिटलं? वाटी घेऊन काय केलं?

वृंदेला हे का कळायला हवं होतं? तर वृंदेलाही देणं होतं. पहिलं कार्ड घेतलं नणंदेच्या बाळंतविड्याला. दुसरं घेतलं पहिल्याचा हप्ता भागवायला. तिसरं घेतलं दुसऱ्याचं तोंड बंद करायला. कमीत कमी रक्कम भरायची, व्याज वरच्या वर वाढायचं. नवरा दिगंबर छापखान्यात होता. पगार आणून तिच्या हातात देई, हिशेब म्हणून कधी विचारत नसे. तोच तिला घोर. विचारलं असतं तर सांगितलं असतं. विचारत नाही, त्याला काय सांगावं?

घरात सोनं म्हणाल तर सासूबाईंच्या दोन पाटल्या. दर चैत्रात गौरीपुढे त्या मांडायच्या, अशी घराची रीत. त्या मोडाव्यात, तर गौर उघडी पडेल आणि वृंदाही उघडी पडेल. म्हणून ती बसली की उठे, उठली की फेऱ्या घाली. बँकेचा फोन वाजला की तो उशीखाली सारी. भात करपे, दूध उतू जाई.

मग ती सरूआत्याकडे गेली. पहिल्यांदा गेली, कढीपत्ता मागून परत आली. दुसऱ्यांदा गेली, विरजण मागून परत आली. तिसऱ्यांदा गेली, तेव्हा आत्याच म्हणाली, “अगं, सगळं स्वयंपाकघर न्यायचंय का माझं? बस आणि बोल.”

वृंदेला रडू आलं. म्हणाली, “आत्या, आत्या, तुम्ही कसला वसा वसता? तो मला सांगा.”

“तुला गं वसा कशाला? उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील.”

“उतत नाही, मातत नाही, घेतला वसा टाकत नाही.”

मग आत्यानं सांगितलं. “चैत्रातल्या तिजेला, देणं फेडवणाऱ्या फेडाईदेवीचं नाव घ्यावं. अंगावरचं सगळं देणं एका जागी मांडावं. कमी व्याजाचं दार, म्हणजे दुसऱ्या बँकेचं नवं कार्ड, शोधावं. दारात शिरण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. देणं उचलून न्यायची हमाली किती? कमी व्याजाची मुदत कधी सरते? सरल्यावर व्याज किती? उत्तर पटलं तर देणं तिकडे न्यावं. जुनी कार्डं कापावीत, बँकेत कळवून बंद करावीत. नव्या कार्डावर सुईसुद्धा घेऊ नये. पगाराच्या दिवशी दूधवाल्याच्या आधी हप्ता द्यावा. देवापुढे एक वाटी पालथी ठेवावी. देणं फिटेतो ती उताणी करू नये, भरू नये.”

“आणि एका रात्रीत फिटतं?”

आत्या हसली. “कोण म्हणतं?”

“गोदाक्का.”

“मग अर्धं खरं असेल. कुठलं अर्धं, ते तुझं तुला कळेल.”

मग चैत्रातल्या तिजेला वृंदेनं वसा घेतला. बँकेच्या पायऱ्या चढली, तीन गोष्टी विचारल्या, तिन्ही उत्तरं पदराच्या गाठीसारखी लक्षात ठेवली. हमाली थोडी, व्याज थोडं, मुदत पुढच्या चैत्रापर्यंत. पुढं व्याज पहिल्यासारखं. सह्या केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तो काय? पहिल्या कार्डावर शून्य, दुसऱ्यावर शून्य, तिसऱ्यावर शून्य! वृंदेनं देवापुढे वाटी पालथी घातली आणि त्या रात्री गाढ झोपली.

पण कार्डं कापली नाहीत. कात्री हातात घेतली आणि ठेवून दिली. इतकी मोकळी, इतकी कोरी. असू देत, म्हणाली, अडीअडचणीला.

मग आषाढ आला. गोदाक्कानं वाटी भरून कापण्या पाठवल्या. वाटी परत करायची तर घरात डब्याला तळ दिसत होता. रिकामी वाटी परत कशी करावी? आईनं शिकवलं होतं, सासूनं शिकवलं होतं, शेजारणीची वाटी चिमूटभर साखर तरी घालूनच परत करावी. वृंदा मिठाईवाल्याकडे गेली, पहिलं कार्ड पुढे केलं, पाव किलो पेढे आणले. एवढ्यानं काय होतंय? घरी येऊन बघते तो देवापुढची पालथी वाटी उताणी पडलेली. तिनं ती पुन्हा पालथी घातली.

मग श्रावण आला. नणंदेकडे मंगळागौर. रिकाम्या हातानं कसं जावं? दुसरं कार्ड पुढे केलं, साडी घेतली. एवढ्यानं काय होतंय? घरी येते तो वाटी उताणी.

मग दिवाळीचा पाडवा आला. वर्षभर न विचारणाऱ्या नवऱ्याला रिकाम्या ताटानं कसं ओवाळावं? तिसरं कार्ड पुढे केलं, घड्याळ घेतलं. घरी येते तो वाटी उताणी आणि त्यात पाणी. पाणी कुणी घातलं? कुणी नाही. वृंदेनं पाणी ओतून टाकलं आणि वाटी पुन्हा पालथी घातली.

मग फोन वाजू लागले. आता देणं दोन्ही दारांत. नव्या दाराचा हप्ता, जुन्या दारांचं व्याज. चैत्र चार महिन्यांवर, मुदत सरत चाललीय. वृंदा पाटल्या रुमालात बांधून सोनाराकडे निघाली. पहिल्यांदा अर्ध्या वाटेवरून परतली. दुसऱ्यांदा पायरीवरून परतली. तिसऱ्यांदा आत जाऊन बसली. सोनारानं पाटल्या तराजूत घातल्या आणि सहज विचारलं, “घरी बोलणं झालंय ना, वहिनी?”

वृंदेनं पाटल्या उचलल्या आणि तडक सरूआत्याचं दार गाठलं.

आत्यानं तिचं तोंड पाहिलं. म्हणाली, “उतलीस, मातलीस, घेतला वसा टाकलास.”

“आत्या, रिकामं ठेवायला जीव धजला नाही हो. रिकामी वाटी कुणी परत करतं का?”

“अगं बावळे, शेजारणीची वाटी भरून परत करावी. सावकाराची वाटी रिकामीच परत करायची असते.”

वृंदा खाली मान घालून बसली. आत्यानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. “आणि चोरून केलेला वसा फळत नाही. मी माझ्या लेकाला सांगितलं, त्या दिवशी माझं खरं फिटायला लागलं. जा, दिगंबरला सांग.”

मग वृंदा घरी आली. दिगंबर जेवून सुपारी कातरत बसला होता. तिनं तिन्ही कार्डं त्याच्या पुढ्यात ठेवली, शेजारी पाटल्यांचा रुमाल ठेवला आणि सगळं सांगितलं. बाळंतविड्यापासून घड्याळापर्यंत.

दिगंबरनं अडकित्ता खाली ठेवला. वृंदेला वाटलं, आता भिंत कोसळते. मग त्यानं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. म्हणाला, “तरी म्हटलं, आपल्या घरात एवढं महाग वाजायला कसं लागलं! मला वाटायचं, तुझ्या मनातून मी उतरलो. रात्र रात्र फेऱ्या घालतेस, बोलत नाहीस.”

“तुम्ही कधी विचारलंत का?”

“नाही विचारलं. चुकलंच. मला वाटे, विचारणं म्हणजे संशय घेणं.”

मग त्यानं अडकित्ता उचलला. पहिलं कार्ड कातरलं, दुसरं कातरलं, तिसरं कातरलं. म्हणाला, “आजपासून सुपारी बंद. अडकित्त्याचं काम झालं.” घड्याळ परत करून आला, त्याचे पैसे जुन्या दारात भरले. बँकेत दोघं मिळून गेले, जुनी कार्डं बंद करा म्हणून कळवून आले. रिक्षा सोडली, बस धरली. वृंदेनं घरी पोह्याचे पापड लाटले, छापखान्यातल्या लोकांनी घेतले.

पौषात गोदाक्काची वाटी आली, तिळाची चटणी. वृंदेनं वाटी घासली, पुसली आणि रिकामी परत दिली. म्हणाली, “अक्का, साखर माझ्याकडे उधार राहिली. देईन.”

गोदाक्कानं वाटी उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली. “बाई बाई, काय दिवस आले!” तिसऱ्या मजल्यावर सांगितलं, चौथ्यावर सांगितलं, गच्चीवर वाळवणापाशी सांगितलं. वृंदा ऐके, कानांत सळसळे, पण देवापुढची वाटी पालथीच राही. त्या दिवसापासून ती कधी उताणी झाली नाही.

मग चैत्र लागला. मुदत सरायला आली आणि थोडं देणं उरलंच. दोघांनी विचार केला. एक पाटली मोडली. दोघं मिळून गेले, सोनारानं काही विचारलं नाही. उरलेलं देणं मुदतीच्या आत भरलं, पावती घेतली, नवं कार्डही बंद केलं.

तिजेला गौर बसली. आंब्याची डाळ, पन्हं, कलिंगडाच्या फोडी. गौरीपुढे पाटली मांडली. बाया हळदीकुंकवाला आल्या. गोदाक्कानं मांडणीवर नजर फिरवली. “एकच गं?”

दिगंबर दारातूनच म्हणाला, “दुसरी आम्ही दोघांनी मिळून मोडली, अक्का.”

मग वृंदेनं देवापुढची पालथी वाटी उचलली, उताणी केली, शिगोशीग साखर भरली आणि गोदाक्काच्या हातात दिली. “ही तुमची उधारी.”

गोदाक्काच्या डोळ्यांत पाणी आलं, पण जीभ काही राहीना. वाकून हळूच विचारते, “म्हणजे फिटलं? सरूआत्यासारखं, एका रात्रीत?”

“एका रात्रीत दार बदललं, अक्का. फिटायला चैत्र ते चैत्र लागला, आणि एक पाटली लागली. वाटी होती, तेवढं मात्र खरं.”

सरूआत्या कोपऱ्यात पन्हं पीत होती. तिनं वर पाहिलं नाही, नुसती हसली.

फेडाईनं वृंदेचा घोर नेला, तिला झोप दिली, नवराबायकोला एकमेकांशी बोलायला लावलं. तसाच आमचा-तुमचा घोर नेवो, ऐकणारीला झोप देवो, सांगणारीच्याही वाटीत साखर पडो. बहुतां हप्त्यांची ही कहाणी थोडक्यां उत्तरीं सुफळ झाली, संपूर्ण झाली.