आपल्याकडं तोंड केलेला डबा

"म्हंजी आता तुला तूच ऐकू येनार?"

ज्ञानूआबांनी ईचारलं. ष्टेजवर बसलेले, डफ मांडीवर, नजर दिगूनं आनलेल्या मिक्सरवर.

"व्हय आबा," दिगू म्हनला. "मला मी. एकदम सोच्छ."

"आनी आजपतूर कोन ऐकू येत व्हतं?"

दिगू नुसता हसला...

ज्ञानूआबा आमचे शाहीर. गेल्या थंडीत त्यांचा घसा बसला, तो काय उठला न्हाई. आता बोलत्यात तेबी फाटक्या कापडागत. दिगू त्यांचा चेला. आवाज असा, की रानातनं हाक मारली तर गावातली कुत्री उठत्यात. आबांनी सांगून ठेवलेलं, सांजच्याला बिरोबाच्या जत्रंत दिगूनं गाऊन दावायचं. पन त्याच्या आधी दुपारी ते सोता ऐकनार. पटलं तर डफ दिगूच्या हातात. न्हाई पटलं तर पार्टी बंद, ज्यानं त्यानं आपल्या घरी जायाचं.

मी झील धरतो. शाहिरानं ओळ टाकायची, तिचं शेपूट सोडायचं, आनी मागनं मी ते उचलायचं. जी रं जी जी. एवढंच माझं काम. पार्टी मोडली तर मी एकटा कुनाच्या मागं जी जी करू? घरात म्हशीच्या?

मागच्या दोन जत्रांत घोळ झाला व्हता. आता ष्टेज केवढाली बांधत्यात. पूर्वी आमी खांद्याला खांदा लावून उभं ऱ्हायाचो, एकाचा घाम दुसऱ्याला लागायचा. आता दिगू म्होरं त्या टोकाला, मी नि ढोलकीवाले याकूबभाई मागं ह्या टोकाला. मधी बैलगाडी फिरंल. गानं एकीकडं गेलं, ढोलकी एकीकडं. लोक उठून पाळन्याकडं गेले.

दिगू म्हनला, मला माझाच आवाज ऐकू येत न्हाई, म्हनून झालं.

आनी हे मशीन घिऊन आला. सांगलीच्या दुकानदारानं वापरून बगाया दिलं व्हतं. पटलं तर ठिवा, न्हाई तर आनून द्या.

"मिक्सर म्हनतोस," आबा म्हनले. "चटनी कुठनं घालायची?"

याकूबभाई ढोलकीवर डोकं ठिवून हसले.

दिगूला राग आला, पन आबांवर काढता येत न्हाई. माझ्यावर काढला.

"ए केरबा, ती वायर तुडवू नगंस. अक्कल हाय का?"

मी वायर आनी जोरात तुडवली.

मशीन तसं बारकं. दोन विटा एकावर एक ठेवल्यागत. लोखंडी चौकटीत स्क्रूनं आवळून बसवलेलं, चौकट पेटीत. पेटी उचलायची नि टेम्पोत टाकायची. म्होरच्या अंगाला नुसत्या खुंट्याच खुंट्या.

आबा पेटीम्होरं उकिडवं बसले. नाक लावलं तिला.

"ह्याला पडदा न्हाई? त्या कडेगावच्या पोरांच्या मशीनला टीव्हीगत पडदा हाय."

"ते डिजिटल आबा. हे अ‍ॅनालॉग. ह्यात खुंटी फिरवली की तवाच आवाज हालतो. मधी काय न्हाई."

"मधी काय न्हाई..." आबांना ते आवडलं. "आनी ही खुंटी कशाची?"

"ही वरची रांग माझ्या माईकची. खालची केरबाची. त्याच्या खालची ढोलकी."

"एका माईकला एवढ्या खुंट्या?"

"एकेक खुंटी एकेका डब्याची."

डबा म्हंजी मॉनिटर. ष्टेजवर आपल्याकडं तोंड करून ठेवायचा स्पीकर. लोकांचे मोठे स्पीकर येगळे, ते लोकांकडं बगत्यात. हा आपल्याकडं बगतो. दिगूनं एक सोताम्होरं ठेवलेला, एक माझ्याम्होरं, एक याकूबभाईंच्या.

"म्हंजी," आबा म्हनले, "केरबाच्या डब्यात तू किती, हे येगळं. तुझ्या डब्यात केरबा किती, हे येगळं."

"बराबर."

"गाव खाली बसलेलं आसतं, त्याला किती?"

"त्याचं ह्या मशीनशी काय न्हाई. ते मोठ्या मिक्सरवर. हे नुसतं आपल्यापुरतं."

"नुसतं आपल्यापुरतं."

आबा उठले. गुडघं कटाकटा वाजलं. प्रत्येक डब्याला कान लावून आले. याकूबभाईंना म्हनले थाप मारा. मारली. परत पेटीकडं आले, एक खुंटी फिरवली, परत डब्याकडं गेले, कान लावला. जत्रंत पयल्यांदा फिरकी घेतलेलं पोरगं बगितलंय का? तसा म्हातारा. एकदा खुंटी जास्त पिळली नि डब्यानं अशी शिटी मारली की पलीकडच्या मळ्यातले बगळे उडाले.

"आई गं," आबा म्हनले. "हे काय?"

"डब्याचा आवाज परत माईकमधी शिरतो. परत डब्यात. परत माईकमधी."

"सोताचंच ऐकून सोताच वरडतंय व्हय?"

"आसं समजा."

आबांनी मान हालवली. गंमत वाटली त्यांना. परत एकदा मारून बगितली शिटी.

उन्हं कलली व्हती. खाली मैदानात खुर्च्या टाकायचं काम चाललेलं. मोठे स्पीकर अजून चालू केले नव्हते. कोपऱ्यात तव्यात चार निखारे घिऊन आबांनी डफ शेकला, बोटानं वाजवून बगितला, परत शेकला. डफाचं कातडं तान धरीपतूर ते कुनाशी बोलत न्हाईत.

मग म्हनले, "चल दिगू. खुंट्यांवर मी बसतो."

"तुमाला जमंल?"

"तू सांग, मी फिरवतो. मधी काय न्हाई म्हनलास की."

दिगू म्होरं गेला. एक हात माईकवर, एक हात कानावर, डोळं गच्च मिटलेलं. तो आसाच गातो.

आबांचाच पवाडा धरला. खडक फोडून हीर कशी खांदली त्याचा.

पहार म्हनाली खडकाला, वाट दे माझ्या पान्याला...

मी शेपूट उचलाया तोंड उघडलं, तवर गडी म्होरच्या ओळीवर. माझं जी जी त्याच्या पायाखाली गेलं. दरवेळचं हेच. गेले सा म्हयने माझं टकुरं ह्याच्यानंच फिरलेलं.

"आबा," दिगूनं डोळं न उघडता बोट वर केलं. "मला वाढवा."

आबांनी खुंटी फिरवली.

"अजून थोडं."

फिरवली.

"हां... अजून एक कनी."

फिरवली.

"आता कसं. आता आलो मी."

गडी खुलला. आवाज आसा लावला की खुर्च्या टाकनारे थांबले.

तवा आबांनी माझ्याकडं बगितलं. आनी पंजा दावला. थांब.

मला वाटलं मलाच गप करत्यात. रक्त चढलं डोक्यात. आयुष्य गेलं ह्या म्हाताऱ्याच्या मागं जी जी करन्यात, नि पंजा मला? माईकला लाथच घालनार व्हतो. पन आबांनी बोट ओठावर ठेवलं, आनी त्याच बोटानं दिगू दावला.

मी गप बसलो.

दिगूची ओळ संपली. शेपूट सुटलं. उचलाया कोन न्हाई.

त्यानं सोताच उचललं. जी रं जी जी.

म्होरची ओळ. परत सोताच. जी रं जी जी.

याकूबभाईंनी माझ्याकडं बगितलं, मी त्यांच्याकडं.

मग आबांनी याकूबभाईंना पंजा दावला.

याकूबभाईंनी थाप बारीक केली, बारीक केली, आनी हात काढून घेतला. ढोलकी उतरवून बाजूला ठेवली. किटलीतला च्या वतला. एक कप मला.

दिगू गातोय. पायानं ताल धरलाय, कानावर हात हाय, मान डुलतीया. डबा त्याच्या तोंडावर त्याचाच आवाज फेकतोय. पहार खडक फोडतीया, पानी लागतंय, आनी गडी सोताच ईचारतोय नि सोताच जी जी म्हनतोय.

आमी च्या प्यालो.

पवाडा संपला. दिगूनं हात खाली घेतला. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. डोळं अजून मिटलेलंच.

"बगितलं?" म्हनला. "आज कशी सगळी एकजीव झाली. हेच पायजे व्हतं. सगळी मला धरून आली."



त्यानं डोळं उघडलं. मागं वळला.

याकूबभाईंच्या हातात कप. ढोलकी आडवी. मी मांडी घालून बसलेलो.

"ऑ?" दिगू म्हनला. "थांबला कवा?"

"लई येळ झाला," याकूबभाई म्हनले. "तुझं बरं चाललेलं. म्हनलं कशाला मोडा. सोतालाच जी जी करत व्हतास."

दिगूचं तोंड लाल झालं. आबांच्या म्होरं येऊन हुबा ऱ्हायला.

"आबा, ह्यांनी मुद्दाम केलं. माझा डफ जावा म्हनून केलं."

"मी सांगितलं त्यांना."

"तुमी?"

"मी."

दिगूच्या नाकपुड्या फुगलेल्या. मग म्हनला, "पन माझा आवाज तर तुमी वाढीवला. मला ऐकू आला की."

"न्हाई."

"काय न्हाई?"

"तुझ्या खुंटीला हात लावला न्हाई मी. पयल्यांदा वाढवा म्हनलास, केरबाला बारीक केला. दुसऱ्यांदा ढोलकी बारीक केली. तिसऱ्यांदा केरबाला पार काढूनच टाकला."

"मग मला वाढल्यागत कसं वाटलं?"

"तेच बगत व्हतो मी बी," आबा म्हनले. खरंच नवल वाटलेलं त्यांना, चेष्टा नव्हती. "मशीन लई भारी हाय दिगू. मी कवा बगितलं नव्हतं आसं..."

दिगूनं खाली बगितलं. पेटीच्या कडीला हात घातला.

"जाऊ द्या. उद्या परत नेऊन देतो."

"का रं? त्यानं काय केलंय?"

"मग आता?"

"म्होरं हो. परत म्हन."

आबा खुंट्यांकडं वळले. ह्या बारीला दिगू बगतच व्हता, डोळं फाडून. आबांनी त्याच्या डब्यातली त्याची खुंटी धरली आनी उलटी फिरवत नेली. फिरवत नेली. पार टोकाला. मग माझी चढीवली. मग ढोलकी.

"आबा, माझं कायच न्हाई ठेवलं?"

"न्हाई."

"मला मी ऐकू येनार न्हाई."

"न्हाई येनार."

"मी येड्यागत गायलो म्हंजी? डफाचं काय मग?"

आबांनी डफ परत निखाऱ्यावर धरला.

दिगू गेला म्होरं. कानावर हात ठेवला... काढला. परत ठेवला, परत काढला. त्या हाताला कुठं ठेवावं ते कळंना त्याला. शेवटी पाटलोनीला पुसला नि लोंबता सोडला.

ओळ टाकली. पहार म्हनाली खडकाला...

 डब्यातनं त्याचं कायच येत नव्हतं, नुसती याकूबभाईंची ढोलकी. आंधाऱ्या घरात भिंत चाचपत जावं तसा तो ढोलकीला धरून चालला. ओळ संपली.

आनी गडी थांबला.

थांबला म्हंजी, त्याला म्होरं कसं जायाचं तेच कळंना. मान तिरकी करून डब्याकडं बगाया लागला. माझी वाट बगत व्हता.

सा म्हयन्यांत पयल्यांदा.

मी उचललं. जी रं जी जी. आसं उचललं की माझंच मला नवल. ते डब्यातनं त्याच्या तोंडावर गेलं, त्यानं मान वर केली, नि दुसरी ओळ टाकली. परत थांबला. परत मी. याकूबभाईंनी ढोलकी गळ्यात घातली नि चालत चालत म्होरं निगाले. माईकबिईक तिथंच ऱ्हायला. मीबी सरकलो. हीर निम्मी खांदून झाली तवर आमी तिगं एका डब्याम्होरं हुबं, खांद्याला खांदा.

खुर्च्या टाकनारी मानसं खुर्च्यांवर बसली व्हती. पानी लागलं तशी टाळ्या वाजवाया लागली.

पवाडा संपला. दिगूनं त्यांच्याकडं बगितलंबी न्हाई. पळत आबांकडं आला.

"आबा, कसा गायलो मी?"

आबा डफावर बोट वाजवून बगत व्हते.

"सांगा की. मला खरंच कळलं न्हाई. ह्यो केरबा ऐकू आला, ढोलकीची थाप न थाप ऐकू आली. मीच तेवढा कुठं दिसलो न्हाई. बरा गायलो का वंगाळ गायलो?"

डफ टनकन वाजला. कातड्यानं तान धरला व्हता.

आबांनी त्यो दिगूच्या हातात दिला. गरम व्हता, दिगूनं ह्या हातातनं त्या हातात केला, पन टाकला न्हाई.

"बरा का वंगाळ, आबा?"

आबांनी खाली मैदानाकडं बगितलं. खुर्च्यांच्या रांगा पार पिंपळापतूर गेल्या व्हत्या.

"ते बगाया गाव येऊन बसतंय की सांजच्याला. तूबी सोताला ऐकाया खालीच जाऊन बसलास, तर वर गानार कोन?"