गाठीची साल

"मधून बोट सहज जातंय, सर. मग किडनी कशाला काढायची?"

टेबलावर हसीना मुल्ला. पोटात, आतड्यांच्या मागे, चरबीतून वाढलेली कॅन्सरची गाठ. कलिंगडाएवढी. असली गाठ क्वचित कुणाला होते. तिला चिकटलेली डावी किडनी.

विचारणारा डॉ. निनाद खरात. हुशार, आणि हे त्याला माहीत होतं. सकाळीच त्यानं बाईंना शब्द दिला होता, किडनी वाचवतो म्हणून.

सोहोनी सर मिरजेतले मोठे सर्जन. शिकवत नसत, अपमान करत. लोक त्यालाच परंपरा म्हणत.

"शब्द कुणाला विचारून दिलास?"

"बाईंनी हात धरला, सर."

"उद्या पाय धरतील. मग काय देशील?"

निनाद चिडला. "गाठीला वेगळी साल आहे. संत्र्यासारखी सुटेल. तुमच्या वेळी सगळंच कापून टाकायचे, सर."

सिस्टर ट्रेकडे बघत राहिली.

सर ओरडले नाहीत. त्यांनी निनादचं मनगट धरलं. बोट जिथे होतं तिथेच थांबवलं.

"ही साल कसली?"

"दबलेल्या पेशींची."

"कुणाच्या?"

निनाद गाठीकडे बघू लागला.

"कुणाच्या रे, गोल्ड मेडल?"

"गाठीच्याच."

"तू गाठ सोलणार. आणि साल?"

"...किडनीवर राहील."

साल राहिली की गाठ परत येते, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं.

"दुसरी किडनी?" सरांनी विचारलं.

"धड आहे."

निनादनं बोट काढून घेतलं. गाठ आणि किडनी एकत्रच निघाली, न सोलता.

काढलेली गाठ ट्रेमधून नातेवाइकांना दाखवायची, असा तिथला रिवाज. एरवी सर स्वतः जात. नमस्कार त्यांना आवडत. आज त्यांनी ट्रे निनादच्या हातात दिला.

तो गेला आणि लगेच परत आला. ट्रे तसाच हातात.

"नवरा विचारतोय, किडनी खराब झाली होती का."

सर ग्लोव्हज काढत होते.

"'हो' म्हटलं की भागेल, सर. तोही निवांत होईल."

"खरं सांग त्याला."

"काय सांगू?"

"चांगली होती. चांगली होती तोवरच काढली."