पहिल्यांदा पाहण्याचा मान

एकदा एक बांगड्यांचा व्यापारी बाप झाला, आणि आसपासच्या साऱ्या गावांना ते ऐकून घ्यावं लागलं.

केरबा त्याचं नाव. खांद्यावर बांगड्यांच्या माळा टाकून तो बाजाराची गावं फिरायचा आणि आठवड्यातून दोनदाच घरी मुक्कामाला यायचा. नवा बाप किती बोलतो हे काही मी वेगळं सांगायला नको. पण इतर बापांना ऐकणारा उठून जाईल अशी धास्ती तरी असते. केरबाला तीही नव्हती. बाईचा हात त्याच्या हातात, बांगडी निम्मी चढलेली. ती जाणार कुठे? हात चेपता चेपता तो आपल्या लेकीची, बकुळेची हकीकत सुरू करायचा आणि हकीकत संपल्याशिवाय बांगडी मनगटावर उतरायची नाही.

हकीकतही तशीच नवलाची होती. बकुळेने मान धरली ती केरबा घरी आला त्याच संध्याकाळी. ती पालथी पडली तीही त्याच्यासमोर. तो जोडे काढून ओट्यावर टेकतो न टेकतो, तोच पोरीने कूस बदलली, हात अडकला, ती कण्हली, कुंथली आणि धप्पकन पोटावर पडून त्याच्याकडे बघून हसली. पुढे ती बसली, तेव्हाही केरबा समोर. रांगली, तेव्हाही. एकदा त्याने तिच्या तोंडात सहज बोट घातलं, तर ती कडकडून चावली. पहिला दात बापाच्याच बोटाला लागला होता. केरबा ते बोट पुढे आठ दिवस बाजारात दाखवत हिंडला.

"माझी लेक माझ्यासाठी थांबते," तो सांगायचा. "मी घरी नसलो की काही म्हणजे काही करत नाही."

बायका कौतुकाने हसायच्या. एका म्हातारीने मात्र बांगड्या भरून झाल्यावर हात चोळत विचारलं होतं, की तान्ह्या पोरीला वार कळतात का रे? केरबाला त्यातही कौतुकच ऐकू आलं.

घरी आल्यावर तो बायकोला चिडवायचा. दिवसभर घरात असतेस आणि तुला कसं काही दिसत नाही, बघायला मलाच यावं लागतं, असं म्हणायचा. बायको, द्वारका, म्हणायची, "माझं मेलीचं लक्षच नसतं," आणि चुलीकडे वळायची. सुरुवातीला ही नुसती थट्टा होती. पण तेच तेच बोलून माणसाला आपली थट्टाही खरी वाटू लागते. केरबाच्या मनाने हळूहळू घेतलं, की द्वारकेला पोरीची तितकीशी ओढ नाही. बाळाच्या बाबतीत मग तो तिला विचारेनासा झाला, सांगू लागला. असं निजव, तसं भरव. ती ऐकून घ्यायची.

बकुळेचा पहिला वाढदिवस जवळ आला, तसा केरबा तिला कडेवर घेऊन आपल्या गुरुजींकडे गेला. गुरुजी गावाबाहेर देवळामागच्या खोलीत राहात. त्यांनीच केरबाला लहानपणी अक्षरओळख करून दिली होती. वयाने वाकलेला तो माणूस आयुष्यात कधी खोटं बोलल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. दोन भावांचं भांडण असो की बांधाचा वाद, गुरुजी म्हणाले म्हणजे तसंच असणार, असं धरून लोक घरी जात. केरबाने नमस्कार केला, बकुळेला त्यांच्यासमोर अंगणात बसवलं आणि वर्षभराची सगळी कथा पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगितली. मग त्याने मनातलं विचारलं. या लेकीचं आणि माझं मागच्या जन्मीचं काही नातं असणार. वाढदिवसाला चार माणसं जमतील, तेव्हा आपल्या तोंडून तेवढं सांगाल का?

गुरुजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तहान लागली आहे, विहिरीवरून कळशी भरून आण, एवढंच म्हणाले.

केरबा कळशी भरून परतला. जास्वंदीच्या कुंपणापाशी आला आणि पानांमधून जे दिसलं ते पाहून तिथेच थबकला. बकुळा गुरुजींच्या काठीला धरून उभी होती. गुरुजींनी काठी हळूच ढिली केली. बकुळेने काठी सोडली आणि ती उभी राहिली, कशालाही न धरता, हात पसरून, स्वतःच्याच पराक्रमाने डोळे विस्फारून. आजवर ती अशी कधीच उभी राहिली नव्हती. गुरुजींच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की केरबाच्या हातातली कळशी हिंदकळली.

तो आवाज गुरुजींनी ऐकला. त्यांनी झटकन बकुळेला खाली बसवलं, तिच्या हातात जास्वंदीचं एक फूल दिलं आणि ते दुसरीकडे पाहू लागले.

केरबा आत आला. पोरीने काय केलं, असं त्याने विचारलं.

"काही नाही," गुरुजी म्हणाले. "मघापासून बसली आहे. तू जरा तिच्याजवळ थांब, मी आतून पंचा घेऊन येतो."

ते दाराशी पोचतात न पोचतात तोच बकुळा केरबाच्या धोतराला धरून पुन्हा उठली. पुन्हा धरलेलं सोडलं. पुन्हा हात पसरले. एरवी केरबाने सारं आवार डोक्यावर घेतलं असतं. आज त्याला आनंद झालाच नाही. ज्याच्या शब्दावर गाव चालत होतं, तो माणूस त्याच्या तोंडावर खोटं बोलला होता. त्याने गुरुजींना दारातच थांबवलं.

"गुरुजी, मी कुंपणाबाहेरून पाहिलं. ती आधीच उभी राहिली होती. तुम्ही मला खोटं सांगितलंत."

गुरुजी वळले. चोरी पकडली गेलेल्या माणसासारखे ते जरा ओशाळले, मग येऊन त्याच्यासमोर बसले.

"हो. खोटंच सांगितलं," ते म्हणाले. "त्याला दुसरं गोंडस नाव देऊन मी आणखी खोटं बोलणार नाही. पण का बोललो ते ऐक. या पोरीला पहिलं, दुसरं काही ठाऊक नाही. ती उठते, पडते, पुन्हा उठते. तिला प्रत्येक वेळ सारखीच. पहिलेपण असतं ते बघणाऱ्याच्या डोळ्यांत. मघाशी ते माझ्या वाट्याला आलं. मला वाटलं, मी म्हातारा ते घेऊन काय करू? बाप चार पावलांवर आहे, त्याला देऊन टाकावं. द्यायचं तर मी पाहिलंच नाही असं म्हणावं लागतं. त्याशिवाय ते देता येत नाही."

बकुळा त्याच्या गुडघ्याला धरून फूल चावत होती.

"हे तुम्हाला सुचलं कसं?" केरबाने विचारलं.

"मला नाही सुचलं. जन्मभर दानाचे श्लोक शिकवले, पण मला हे कधी सुचलं नसतं. मला द्वारकेने शिकवलं."

मग गुरुजींनी सांगितलं. काही महिन्यांपूर्वी ते ताक मागायला केरबाच्या घरी गेले होते. दार उघडंच होतं. बकुळा सतरंजीवर पालथी पडून मान वर करून बघत होती आणि द्वारका तिच्यासमोर बसून हसत होती, रडत होती, तोंडावर पदर धरून. गुरुजींना पाहताच ती उठली आणि आधी तिने दार लावून घेतलं. म्हणाली, पाया पडते, ह्यांना सांगू नका, ते परवा येणार आहेत. गुरुजींना ते रुचलं नाही. नवऱ्याशी ही लपवाछपवी कशाला, असं त्यांनी तिला जरा दरडावूनच विचारलं.

"ती काय म्हणाली ठाऊक आहे?" गुरुजी म्हणाले. "म्हणाली, मला ती रोज दिसते, गुरुजी. त्यांना आठवड्यातनं दोनदा. माझ्याकडे भरपूर आहे, त्यातलं एवढं त्यांना दिलं तर माझं काय कमी होतंय?"

केरबाला मान धरल्याची संध्याकाळ आठवली. दात आठवला, आणि तो सांगत असताना "हो का, बघू बघू," म्हणत वाकून बघणारी द्वारका आठवली. ती संध्याकाळी नेमकी त्याच वेळी पोरीला त्याच्यासमोर सतरंजीवर का सोडायची, हेही आता उमगलं. बाजारात मिरवलेलं एकेक नवल तिच्या हातून आलेलं होतं आणि वर त्याने तिलाच ऐकवलं होतं की तुला काही दिसत नाही. त्याला इतकी लाज वाटली की गुरुजींकडे वर बघवेना.

"आता घरी जाऊन तिची क्षमा मागतो," तो म्हणाला.

"मागितलीस तर तिने दिलेलं सगळं परत तिच्याच अंगणात नेऊन ओतल्यासारखं होईल," गुरुजी म्हणाले. "बघ बाबा. मला याहून जास्त कळत नाही."

केरबा घरी आला आणि गप्प राहिला. द्वारकेने विचारलं, गुरुजी काय म्हणाले? पोरगी गुणाची आहे म्हणाले, असं त्याने सांगितलं. पुढच्या बाजारांत तो इतका कमी बोलला की बायकांना वाटलं, घरी कुणी आजारी आहे.

मग एका सकाळी द्वारका गोधड्या धुवायला नदीवर गेली. केरबा घरीच होता. बांगड्या रंगाप्रमाणे लावत बसला होता. बकुळा पाळण्याच्या दोरीला धरून उभी होती. तिने एक हिरवी बांगडी पाहिली, दोरी सोडली आणि एक पाऊल टाकलं.

दुसरं पाऊल. पोट पुढे, हात वर, ओठ घट्ट मिटलेले. ती डुलली, आता पडणार, पडणार, आणि पडली नाही. आणखी एक पाऊल, मग पळाल्यासारखी दोन-तीन, आणि थेट त्याच्या गळ्यात. त्याने तिला उचलून असं काही वर फेकलं, झेललं, कुरवाळलं की दोन डझन बांगड्या पायाखाली गेल्या आणि त्याला कळलंही नाही. तो तसाच तिला घेऊन दारात धावला. सगळ्या आळीला ओरडून सांगायचं होतं. तोंड उघडलंसुद्धा.

समोरच्या ओट्यावर शेजारीण तांदूळ निवडत होती. काय झालं हो, म्हणून तिने विचारलं.

"काही नाही," केरबा म्हणाला. "मांजर आलं होतं."

आत येऊन त्याने दार लावलं. आणि आता त्याला कळलं, की गप्प बसणं म्हणजे काय असतं. तोंडात गरम भजं धरल्यासारखं झालं होतं. गिळता येईना, टाकता येईना. तो उठे, बसे, पोरीचे पाय हातात घेऊन बघे आणि एकट्यानेच हसे. तेही पुन्हा भीत भीत, की द्वारका यायच्या आधी पोर चालून चालून दमली तर? त्याने तिला मांडीवर घट्ट धरून ठेवलं. ती किंचाळायला लागली तरी सोडलं नाही. एका सकाळीच त्याची ही गत. द्वारकेने असं वर्ष काढलं होतं.

अखेर द्वारका आली, ओल्या गोधड्यांचं ओझं घेऊन, पदर पिळत. केरबाने पोर खाली ठेवली आणि तिच्या हातातलं ओझं काढून घेतलं. तू दमलीस, बस जरा तिच्याजवळ, मी वाळत घालतो, असं म्हणाला. त्याने आजवर कधी गोधडी वाळत घातली नव्हती. द्वारका चकित होऊन बघतच राहिली. तो परसात गेला, दाराकडे पाठ केली आणि एकच गोधडी दोरीवर उलटसुलट करत राहिला.

"अहो!"

तो लगेच वळला नाही. तिला थोडा वेळ एकटीला मिळू दिला. मग आत गेला.

द्वारका जमिनीवर बसली होती. बकुळा तिच्या गळ्याला मिठी मारून होती. "चालली," द्वारका म्हणाली. "पाळण्यापासनं इथवर. माझ्याकडे चालत आली हो." डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आणि मग तिचा चेहरा एकदम उतरला. ती त्याच्याकडे अपराध्यासारखी बघू लागली. "तुम्ही बाहेर होता. मला ठाऊक असतं तर तुम्हाला आधी हाक..."

"मला कशाला?" केरबा म्हणाला. "आईकडे आली, बरोबर केलं तिने. जा, सांग सगळ्यांना."

द्वारका क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. मग पोरीला कडेवर घेऊन, ओल्या पदरानेच, बाहेर धावली. केरबा पुन्हा परसात गेला. तिथून त्याला सगळं ऐकू येत होतं. पहिल्या घरी तिने थोडक्यात सांगितलं, अडखळत, सवय नसलेल्या माणसाने सांगावं तसं. दुसऱ्या घरी पाळणा आला, दोरी आली. तिसऱ्या घरी ती हसत होती, नक्कल करून दाखवत होती, पोट कसं पुढे, ओठ कसे मिटलेले, आता पडते की मग पडते, आणि बायका खिदळत होत्या. तिचा इतका मोठा आवाज केरबाने लग्न झाल्यापासून कधी ऐकला नव्हता.

तो ओली गोधडी हातात धरून उभा राहिला आणि आळीच्या शेवटच्या घरापर्यंत ऐकत राहिला.