ढोलीची फट

फार जुनी गोष्ट. एका रानात धनेश पक्षी आणि त्याची बायको राहायचे. अंडी घालायची वेळ आली, तशी ती रीतीप्रमाणे झाडाच्या ढोलीत जाऊन बसली. धनेश चोचीतून चिखल आणून द्यायचा आणि ती आतून ढोलीचं तोंड लिंपायची. घास देण्यापुरती फट तेवढी ठेवायची होती.

पण धनेशाच्या जिवाला स्वस्थता नव्हती. पहिलंच बाळ! "अगं, एवढ्या फटीतून साप सहज शिरेल. अजून लिंप."

ती लिंपायची. तो लांबून बघायचा, जवळून बघायचा आणि पुन्हा चिखल आणायचा. "माकडाचं बोट जाईल गं."

"अहो, मुरांब्यासारखं बरणीत बंद करताय मला," ती आतून म्हणाली. त्याला हसू आलं नाही. फट काडीएवढी उरली, तेव्हा कुठे त्याने श्वास सोडला.

चिखल उन्हाने दगडासारखा वाळला. दुपारी तो पिकलेलं उंबर घेऊन आला. चोच फटीत शिरेना. उंबर निसटून खाली पडलं. दुसरंही पडलं.

"अहो, साप काही येणार नाही आता," तिचा आवाज बारीक झाला होता. "पण बाळ येईपर्यंत मी राहीन का?"

धनेश त्याच भिंतीवर चोच मारू लागला. एकेक ढलपी पडली की दचकून मागे बघायचा. अखेर चोच आत गेली आणि तिसरं उंबर तिने खाल्लं.

"आणि साप आला तर?"

"तुम्ही आहात की बाहेर. आणखी एक आणा."

त्याची भीती गेली नव्हती. पण तो उंबराच्या झाडाकडे उडाला, आणि वाटेतल्या चिखलाकडे त्याने पाहिलंही नाही.